सिग्नल फुल, चित्र गायब: उंच बिल्डिंगांच्या गर्दीत अँटेना बसवताना

सिग्नल ९० टक्के दाखवतोय आणि चित्र मात्र चौकोन चौकोन होऊन फुटतंय, हे ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय, थोडं लांबेल पण अर्धवट सांगून उपयोग नाही. आमच्याकडे टीव्ही गच्चीवरच्या साध्या अँटेनावर चालतो, म्हणजे डिजिटल टेरेस्ट्रियल, ट्रान्समीटरवरून थेट हवेतून येणारा. डिश नाही, केबलवाला नाही, नेट नाही. बाबांना तोच लागतो, कारण बटण दाबलं की बातम्या सुरू, लॉगिन नाही, पासवर्ड नाही, नेट बंद पडलं तरी हा चालू. आणि मलाही अगदी मनापासून वाटतं की ही सोय शहरात टिकली पाहिजे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना याच्याइतकी सोपी दुसरी गोष्ट नाही.

तर झालं असं की आमच्या बिल्डिंगच्या आणि ट्रान्समीटरच्या अगदी रेषेत एक उंच इमारत उभी राहायला लागली. आधी वर्षानुवर्षं काहीही त्रास नव्हता. काम चार-सहा मजल्यांच्या वर गेल्यावर एक मक्स बिघडायला लागला, मक्स म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर एकत्र बांधून येणारा चॅनेलचा गट. त्यातले सगळे चॅनेल एकदमच फुटायचे आणि बाकीचे दोन मक्स त्याच वेळी एकदम स्वच्छ. मग हळूहळू दुसराही. आवाज टिक टिक करत तुटायचा, चेहरा अर्धा गोठायचा, आणि मग काळा स्क्रीन, "नो सिग्नल".

पहिली गोष्ट मी बाबांना वही दिली. कधी फुटतं ते लिहा म्हटलं, वेळ, चॅनेल, बाहेर काय चाललंय. बाबा दिवसभर घरी असतात आणि त्यांनी हे इतकं नीट केलं की पुढची अर्धी उत्तरं त्या वहीतूनच मिळाली. दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, समोरची क्रेन फिरते तेव्हा एक मक्स फुटतो, क्रेन थांबली की स्थिर होतो, आणि जेवणाच्या सुट्टीत मजूर थांबले की तो तासभर व्यवस्थित. दुसरं, आपली लिफ्ट सुटताना आणि थांबताना सगळ्याच चॅनेलवर एक झटका येतो. म्हणजे ही दोन वेगवेगळी दुखणी होती आणि आम्ही सगळे त्याला एकच समजून "सिग्नल गेला" म्हणत होतो.

जुन्या अ‍ॅनालॉगच्या दिवसात हे ओळखणं सोपं होतं. बिल्डिंगवर आपटून लाट उशिरा आली की चित्राच्या शेजारी फिकट दुसरं चित्र दिसायचं, सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, मोटर चालू झाली की आडवे पट्टे. नुसतं बघून कळायचं की बिघाड काय आहे. डिजिटलमध्ये ते काहीच दिसत नाही, कारण रिसीव्हर चुका दुरुस्त करत राहतो, करत राहतो आणि शेवटपर्यंत चित्र परफेक्ट दाखवतो, मग एक मर्यादा ओलांडली की सगळं एकदम कोसळतं. म्हणजे आपण कड्याच्या टोकावर उभे आहोत हे टीव्ही सांगतच नाही, आणि क्रेनसारखं काहीतरी जरासं हललं की खाली.

अँटेनाचं काम करणाऱ्या एका दादांना बोलावलं. त्यांनी टीव्हीचा मेनू न उघडता सांगितलं, "ताई, समोर बिल्डिंग आलीय, सिग्नल वीक झालाय, बूस्टर टाकू."

मी म्हटलं, "दादा, स्ट्रेंग्थ तर ९० आहे. क्वालिटी बघा ना, ती ३० ते ६० मध्ये नाचतेय."

"ते टीव्हीचं काय खरं नसतं ताई, लावून बघू."

एका अर्थी ते बरोबरच होते, टीव्हीतले ते टक्के प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, एका टीव्हीचे ६० दुसऱ्याच्या ८० बरोबर असू शकतात, त्यामुळे दोन घरांचे आकडे एकमेकांशी ताडून काही अर्थ नाही. पण एकाच टीव्हीवर आधी आणि नंतर बघायला ते चालतात. बूस्टर लावला, स्ट्रेंग्थ १०० झाली आणि क्वालिटी आणखी खाली आली, जो मक्स चांगला चालला होता तोही फुटायला लागला. मी तो लगेच काढायला लावला. गोंगाट असलेल्या हॉलमध्ये भाषण ऐकू येत नाही म्हणून अख्ख्या हॉलचाच आवाज वाढवला तर काय होईल, तेच इथे होतं. बूस्टर म्हणजे अँप्लिफायर, आणि तो चांगलं-वाईट निवडत नाही, तो सिग्नल, परावर्तन, मोबाइल टॉवरचा सिग्नल सगळंच वाढवतो, वर स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो, आणि आत येणारा सिग्नल आधीच दणकट असेल तर तो ओव्हरलोड होऊन नवीन घाण तयार करतो. शहरात ट्रान्समीटर बहुतेक वेळा जवळच असतो, तिथे सिग्नल कमी असण्यापेक्षा खराब असण्याची शक्यता जास्त. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही, सगळे बूस्टर विकतात.

मग मी वाचायला बसले. मला प्रश्न हा पडला होता की डिजिटल टेरेस्ट्रियलची पद्धत तर परावर्तनं सहन करण्यासाठीच बनवलीय, मग आमच्याकडे का फुटतंय? डीव्हीबी-टी, म्हणजे १९९७ ची युरोपातली मूळ पद्धत आणि तिच्यानंतर २००९ मध्ये आलेली डीव्हीबी-टी२, दोन्हीत माहिती एका कॅरिअरवर, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या एका लाटेवर, न पाठवता हजारो बारीक बारीक कॅरिअरवर वाटून पाठवतात. डीव्हीबी-टी च्या ८के मोडमध्ये ते ६८१७ असतात. प्रत्येक सिम्बॉल, म्हणजे एका वेळी पाठवायचा माहितीचा तुकडा, बराच लांब ठेवतात आणि त्याच्या पुढे त्याच्याच शेपटाचा एक तुकडा जोडतात, त्याला गार्ड इंटरव्हल म्हणतात. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये सिम्बॉल ८९६ मायक्रोसेकंदांचा असतो आणि गार्ड इंटरव्हल सगळ्यात छोटा, म्हणजे १/३२ घेतला तरी २८ मायक्रोसेकंद मिळतात. रेडिओ लाट एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे ८ किलोमीटरहून जास्त लांबचा रस्ता फिरून आलेली लाटसुद्धा त्यात बसते. गल्लीतल्या बिल्डिंगांची परावर्तनं तर त्यात आरामात.

मग गोची कुठे? तर उशीर सहन होतो पण दोन लाटा एकमेकींना खातात ते तसंच राहतं. समजा अँटेनाच्या मागे ७५ मीटरवर काचेची मोठी भिंत आहे, तर तिच्यावरून आपटून येणारी लाट १५० मीटर जास्त चालते, अर्धा मायक्रोसेकंद उशीर. या उशिरामुळे फ्रिक्वेन्सीमध्ये दर २ मेगाहर्ट्झवर एक खड्डा पडतो, म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये चार खड्डे, आणि त्या खड्ड्यांतले कॅरिअर जवळजवळ मेलेले. थेट लाट जोरदार असेल आणि परावर्तन बारीक, तर खड्डे उथळ असतात आणि चुका दुरुस्त करणारा कोड ते भरून काढतो. आमच्याकडे नव्या इमारतीने थेट लाट दाबली, मागच्या काचेच्या ऑफिसवरून येणारी तशीच राहिली, दोघी जवळजवळ सारख्या झाल्या आणि खड्डे खोल गेले. तोपर्यंत मागचं ऑफिस त्रास देत नव्हतं कारण पुढून येणारी लाट त्याला पुरून उरत होती. हे कळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं, कारण आता शोधायचं काय ते माहीत होतं. क्रेन फिरल्यावर तिसरीच लाट यायची आणि खड्डे सरकायचे. एकच मक्स का फुटतो तेही इथेच समजतं, प्रत्येक मक्सची फ्रिक्वेन्सी वेगळी, खड्डे कुठे आणि किती खोल पडणार तेही वेगळं.

ओळखीतल्या एकाकडून फील्ड मीटर मागून आणला, तो डेसिबल मायक्रोव्होल्टमध्ये लेव्हल दाखवतो आणि एमईआर, म्हणजे मॉड्युलेशन एरर रेशो, सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा आकडा, जितका जास्त तितका चांगला. आणि स्पेक्ट्रमचा आलेख, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे त्याचं चित्र. जमलं तर हा मीटर कुठूनही मिळवाच. जुन्या जागी लेव्हल ६२, म्हणजे टीव्हीला हवी तेवढी भरपूर, आणि एमईआर १७ ते २२ मध्ये हिंदकळतोय. स्पेक्ट्रमचा माथा सपाट दिसायला हवा, तो दातेरी करवतीसारखा दिसत होता आणि क्रेन हलली की ते दाते माझ्या डोळ्यांदेखत सरकत होते. जे इतके दिवस वाचत होते ते समोर दिसलं.

मग दादांना परत बोलावलं, या वेळी त्यांना मीटर दाखवला. माणूस खूप चांगला निघाला, त्यांनी असा आलेख आधी बघितला नव्हता, पण एकदा समजल्यावर तेच माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने अँटेना हातात धरून गच्चीभर फिरले. आणि तिथे जे दिसलं ते सविस्तर सांगते कारण बाकी कशापेक्षा याचाच उपयोग होईल. जुनी जागा पाण्याच्या टाकीवर होती, सगळ्यात उंच, कारण सगळे म्हणतात उंच लावा. पण उंचावरून मागचं काचेचं ऑफिसही अँटेनाला तेवढंच मोकळं दिसत होतं. आम्ही गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तिथून नव्या इमारतीच्या कडेबाहेरून ट्रान्समीटरची दिशा जेमतेम मोकळी होती, लगेच एमईआर २५ वर. मग दादांना म्हटलं आता खाली आणा. टाकीची सिमेंटची भिंत अँटेनाच्या पाठीमागे येईल अशा उंचीवर आणला आणि लेव्हल चांगली ४ डीबी कमी झाली पण एमईआर २९! भिंतीने मागून येणारं परावर्तन अडवलं. म्हणजे अडथळा आपल्या बाजूने वापरता येतो, फक्त तो बरोबर बाजूला हवा.

त्यानंतर बारीक सरकवणं. ६०० मेगाहर्ट्झला लाटेची लांबी अर्धा मीटर असते, आणि समोरासमोरच्या दोन लाटा मिळून जे चढ-उतार तयार करतात त्यात चढापासून उतार फक्त पाव लाट, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर लांब असतो. वीतभरसुद्धा नाही. एक मक्स डावीकडे सरकवला की सुधारायचा, दुसरा तेवढ्यानेच बिघडायचा, म्हणून एका चॅनेलवर खूश होऊन नट आवळू नका, प्रत्येक मक्सचा आकडा लिहा आणि ज्या जागेवर सगळ्यात वाईट मक्ससुद्धा बरा आहे ती जागा धरा. आणि अँटेना सोडून दोन पावलं मागे जाऊन रीडिंग घ्या, जवळ उभं राहिलेल्या माणसाच्या शरीरानेसुद्धा फरक पडतो.

अँटेनाही बदलला. आधी जुना यागी होता, म्हणजे दांड्यावर आडव्या काड्या असलेला नेहमीचा अँटेना, काड्या थोड्या वाकलेल्या, त्याला मागूनही बरंच ऐकू यायचं. त्याऐवजी लॉग-पीरिऑडिक लावला, म्हणजे पुढे लहान होत जाणाऱ्या काड्यांचा, त्याचा गेन, म्हणजे सिग्नल पकडायची ताकद, यागीपेक्षा कमी असतो पण तो सगळ्या फ्रिक्वेन्सींना साधारण सारखा वागतो आणि मागून-बाजूने कमी ऐकतो. सिग्नल भरपूर आणि परावर्तनंही भरपूर, अशा ठिकाणी हाच चांगला. लांबच्या खेड्यात राहणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही, तिथे गेन लागतो.

नव्या कोपऱ्यात एक त्रास मात्र नव्याने निघाला, शेजारच्या बिल्डिंगवरचे मोबाइलचे पॅनेल आता अँटेनाच्या समोर आले. टीव्हीची यूएचएफ पट्टी एके काळी ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत होती, तिचा वरचा भाग बऱ्याच देशांत मोबाइलला देऊन टाकला, आधी ७९० च्या वरचा आणि मग ६९४ च्या वरचा, आणि जुने अँटेना नि अँप्लिफायर मात्र अजून ती सगळी पट्टी आत घेतात. अँटेनाजवळ मोबाइलचा सिग्नल अडवणारा एक छोटा एलटीई फिल्टर लावला, तुमच्याकडे टीव्ही कितीपर्यंत चालतो ते बघून घ्यायचा, आणि अँप्लिफायर असेल तर फिल्टर त्याच्या आधी लावायचा, नंतर लावून काही होत नाही.

आता लिफ्ट. तिचा अँटेनाशी संबंधच नव्हता, ती केबलमधून शिरत होती. जुनी केबल लिफ्टच्या मोटर रूमला चिकटून खाली गेलेली, वरचं आवरण उन्हाने तडकलेलं, आतली तांब्याची जाळी इतकी विरळ की मधून पांढरा प्लास्टिक दिसतोय, आणि एका मजल्यावर कोणीतरी दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड. असा जोड म्हणजे दुसरा अँटेनाच, फक्त तो लिफ्टचा ऐकतो. सगळी केबल बदलली, ७५ ओहमची, फॉइल आणि दाट जाळी दोन्ही असलेली, मोटर रूमपासून लांबच्या भिंतीने उतरवली, टोकांना दाबून बसवायचे एफ कनेक्टर. यूएचएफला चांगली केबलसुद्धा १०० मीटरला साधारण २० डीबी खाते, त्यामुळे गुंडाळी करून उरलेली केबल ठेवून देऊ नका, कापा. लिफ्टचा झटका त्या दिवसापासून बंद. घरातल्या घरातही असंच असतं, स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जर सुरू केल्यावर फुटत असेल तर आधी केबल आणि टीव्हीमागची छोटी वायर बदलून बघा.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट वेगळी. त्या वेगळ्या विंगमध्ये, गच्चीवरून त्यांच्यापर्यंत केबल न्यायला तेव्हा कोणी तयार नव्हतं, आणि त्यांची एकमेव खिडकी ट्रान्समीटरच्या बरोबर विरुद्ध बाजूला. घराच्या आतला अँटेना चालेना, खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर होता, तो रेडिओ लाटही अडवतो. काकू म्हणाल्या, "अगं राहू दे, मी रेडिओ ऐकीन." मला ते पटेना. खिडकीबाहेर छोटा लॉग-पीरिऑडिक धरला आणि गोल फिरवत गेलो, तर समोरच्या ऑफिसच्या काचेकडे तोंड केल्यावर एमईआर २७! तीच काच जी गच्चीवर आम्हाला छळत होती. कारण खिडकीत थेट लाट पोचतच नव्हती, त्यामुळे परावर्तन एकटंच होतं, भांडायला दुसरी लाट नाही. अ‍ॅनालॉगच्या काळापासून लोक हे करत आलेत, पण डिजिटलमध्ये ते जास्त छान जमतं. ट्रान्समीटरच्या दिशेला अँटेना वळवायचा हा नियम चुकीचा नाही, पण दाट वस्तीत तो पहिला प्रयत्न आहे, शेवटचा शब्द नाही.

या सगळ्यात मी हेही शोधलं की जबाबदारी कोणाची. बिल्डरने आमचा सिग्नल अडवला तर त्याला विचारता येतं का? लंडनमध्ये कॅनरी वॉर्फचा सुमारे २३५ मीटर उंच, स्टेनलेस स्टीलने मढवलेला टॉवर उभा राहिला तेव्हा शेजारचे शेकडो रहिवासी टीव्ही दिसेना म्हणून कोर्टात गेले होते. १९९१ मध्ये तिथे रिले ट्रान्समीटर, म्हणजे सिग्नल घेऊन पुन्हा पाठवणारा छोटा ट्रान्समीटर, बसवून सिग्नल सुधारला, पण आधीच्या काळाच्या भरपाईचा खटला वरपर्यंत गेला आणि १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नुसती इमारत मधे उभी राहिल्याने टीव्ही अडला तर त्यावर दावा करता येत नाही. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं. पण तिथेच हाही मुद्दा आला की अशा गोष्टी परवानगी देतानाच बघायला हव्यात, आणि काही ठिकाणी तसं करतातही, मोठ्या इमारतीला परवानगी देताना आधी आणि नंतर सिग्नल मोजायची अट घालतात. टोकियोने तर ट्रान्समीटरच वर नेला. ३३३ मीटरचा टोकियो टॉवर भोवतीच्या गगनचुंबी इमारतींमुळे अपुरा पडायला लागला म्हणून ६३४ मीटरचा स्कायट्री बांधला आणि २०१३ मध्ये टीव्हीचं प्रक्षेपण तिकडे हलवलं. प्रत्येक शहराला ते जमणार नाही, पण रिले ट्रान्समीटर किंवा कॉमन अँटेना नक्की जमतो.

कॉमन अँटेनावरच आम्ही शेवटी आलो. आकडे लिहिलेला कागद घेऊन मीटिंगला गेले, आणि प्रत्येकाने आपापला अँटेना, आपापला बूस्टर लावण्यापेक्षा एका चांगल्या जागेवरून सगळ्यांना देऊ म्हटलं, आता काकूंची विंगही त्यावर आहे. इथे मात्र अँप्लिफायर लागतो, कारण सिग्नल वाटला की कमी होतो, साधा दोन घरांचा स्प्लिटरसुद्धा साडेतीन-चार डीबी खातो. फरक इतकाच की आता स्वच्छ सिग्नल वाढवतोय. स्प्लिटरची जी तोंडं रिकामी राहतात त्यांना ७५ ओहमची टोपी लावा, नाहीतर केबलमध्येच परावर्तन तयार होतं. आणि सगळं झाल्यावर टीव्ही नव्याने स्कॅन करा, बऱ्याच टीव्हींनी आधीच्या खराब दिवसांत एखाद्या लांबच्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी धरून ठेवलेली असते, मग अँटेना कितीही चांगला केला तरी तो तिथेच अडकलेला. आमच्याकडे दोन घरांत हेच निघालं, हाताने फ्रिक्वेन्सी टाकून ट्यून केल्यावर पाच मिनिटांत सुटलं.

समोरच्या इमारतीला आता काचा बसल्या, तेव्हा एक मक्स २९ वरून २६ वर आला, चित्रावर काही परिणाम नाही पण मी नोंद केली. गच्चीच्या पेटीत एक तक्ता ठेवलाय, प्रत्येक मक्सची फ्रिक्वेन्सी, लेव्हल, एमईआर, तारीख. तुमच्या समोर आत्ता नुसता खड्डा खणलेला असेल तर हाच दिवस आहे रीडिंग घ्यायचा, दोन टोकांची घ्या, स्क्रीनचा फोटो काढा आणि कमिटीकडे एक प्रत द्या. मजले चढल्यावर "तुमच्याकडे आधीपासूनच असं होतं" म्हणणारा कोणीतरी भेटतोच, त्याला दाखवायला तेवढा कागद हातात असू द्या.